सोन्याचा बेडूक आणि गॅसवरची देवी

त्या बेडकाच्या मागच्या पायांना बोटंच नव्हती. पाय चपटे, वल्ह्यासारखे पसरट. डोळे म्हणजे दोन पोकळ गोळे. तोंडाच्या दोन्ही कडांतून काहीतरी वेटोळं घालत बाहेर आलेलं. जीभ म्हणावी तर दोन निघाल्या, आणि मिशा म्हणाव्यात तर बेडकाला कधी पाहिल्यात? उंची बोटाच्या पेरापेक्षा थोडी जास्त. सगळा सोन्याचा.

हा बेडूक मला पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडे भेटला. म्हणजे त्याचं चित्र भेटलं. मुंबईहून नव्या पनवेलात राहायला आलेली माणसं सामान लावताना जे जे जड वाटेल ते रद्दीत घालायची, त्यात गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं पुष्कळ असत. साल ब्याण्णव. कोलंबस अमेरिकेला पोहोचल्याला पाचशे वर्षं होत होती, त्यामुळे ज्या त्या मासिकात तोच. मी शाळेत सातवीला इतिहास शिकवायची. आमच्या पुस्तकात सगळं मिळून एक वाक्य होतं, की स्पॅनिश लोकांनी तिथलं सोनं लुटून नेलं. कसलं सोनं, ते नाही. मी आपली इतकी वर्षं मुलांना विटा सांगत आले होते. सोन्याच्या विटा, जहाजात रचलेल्या. कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही.

आणि इथे तर बेडूक! पुढच्या पानावर पंख पसरलेला गरुड, वटवाघळाच्या तोंडाचा माणूस, नाकात अडकवायची ताटलीएवढी नथ. मासिक घेऊन घरी आले ती डिक्शनरी मांडीवर घेऊनच बसले. भात करपला.

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला हाताला धरून कट्ट्यावर बसवीन आणि म्हणेन, बये, जरा दम खा. पण ती बसणार नाही. तिला बेडूक कसा केला ते सोनाराला समजावून सांगायला जायचं असेल.

कसा केला, ते खरंच ऐकण्यासारखं होतं. आधी मधमाश्यांच्या मेणाचा बेडूक करायचा, अगदी हवा तसा. त्याच्यावर कोळशाची पूड आणि माती यांचा लेप द्यायचा, एक भोक ठेवायचं. भाजलं की मेण वितळून भोकातून निघून जातं आणि आत बेडकाच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात सोनं ओतायचं. थंड झालं की माती फोडायची. साचा गेला, म्हणजे तसा दुसरा बेडूक जगात होणे नाही. बेडूकच का, पावसासाठी की आणखी कशासाठी, याबद्दल लिहिणाऱ्याने सरळ लिहिलं होतं की नक्की माहीत नाही. हे मला फार आवडलं. ‘नक्की माहीत नाही’ असं छापलेलं मी पहिल्यांदाच वाचत होते. आमच्या पाठ्यपुस्तकात सगळं नक्की माहीत असायचं.

मी मेणबत्ती वितळवून एक बेडूक करून पाहिला. ह्यांनी ऑफिसातून आल्यावर विचारलं, “हा बटाटा खिडकीत का ठेवलाय?”

तिकडच्या कुठल्याशा डोंगराळ मुलखात लोक सोन्याची चपटी माणसं करून तळ्यात सोडत, असंही त्या लेखात होतं. नाक, डोळे, हात म्हणजे नुसते दोऱ्यासारखे चिकटवलेले. ओतून झाल्यावर घासूनपुसूनसुद्धा घेत नसत, खडबडीतच ठेवत, कारण ती माणसांनी बघायची नव्हतीच, पाण्याला द्यायची होती. वर्गात हे सांगताना माझा गळा भरून आला. केवढं ते मोठं मन! मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “बाई, मग कोणी पाण्यात उतरून काढून नाही आणत?” मी म्हटलं, “तुम्हाला तेवढंच सुचणार.”

पण मला खरं वेड लावलं ते तांब्याने. ते लोक सोन्यात भरपूर तांबं मिसळत. स्पॅनिश लोकांनी वितळवलं तेव्हा कित्येकदा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आत निम्मं तांबंच. मग वरून इतकं पिवळंधमक कसं दिसायचं? मुलामा? तर नाही. ओतलेली वस्तू तापवायची, म्हणजे वरच्या थरातलं तांबं काळं पडतं. ते काळं झाडपाल्याच्या आंबट रसाने धुऊन काढायचं. पुन्हा तापवायचं, पुन्हा धुवायचं. दर खेपेला कातडीतलं थोडं तांबं जातं आणि सोनं तेवढं मागे राहतं. वरून काही चढवायचं नाही, आतलंच वर आणायचं. हे वाचून मी अख्खा दिवस घरात अशी फिरत होते, जशी काही ही युक्ती मलाच सुचली आहे.

आंबट रस! आमच्या कोकणात आंबटाला काय तोटा? माझी एक कॉलेजच्या वेळची अंगठी होती, हलक्या सोन्याची, तांबूस. चिमट्यात धरून गॅसवर तापवली, काळी पडली. आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून त्यात टाकली, जुन्या टूथब्रशने घासली. पुन्हा गॅस. पुन्हा आमसूल. पाचव्या खेपेला अंगठी पिवळी झाली. चकचकीत नाही, पण हळदीसारखी पिवळी. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले.

तिथे थांबायला हवं होतं. पण ज्याला एकदा यश आलं त्याला अक्कल कुठून येणार?

आमच्या देव्हाऱ्यात कुलदेवीचा टाक होता. टाक म्हणजे पत्र्यावर उठवलेली देवाची छोटी प्रतिमा. बहुतेकांकडे चांदीचे असतात, आमचा सोन्याचा होता. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीच्या कोणीतरी, परवडलं तेवढ्या सोन्यात करून घेतलेला, त्यामुळे तांबूस. हळदीकुंकवाला आलेली एखादी हमखास विचारायची, “तांब्याची का हो देवी?” सासूबाई म्हणायच्या, “देवीची आहे.” मला मात्र ते लागायचं.

सासूबाई तेव्हा माझ्या नणंदेकडे पेणला गेल्या होत्या. पितृपक्ष चालू होता. घट बसायच्या दोन दिवस आधी त्या परत येणार होत्या. मी म्हटलं, आल्यावर बघतील तर देवी झळझळीत पिवळी. नवरात्रात येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बंद. आणि मी विचारणाऱ्यांना सांगणार, पाचशे वर्षांपूर्वीची विद्या आहे हो, अमेरिकेतली.

देवीला नमस्कार केला, एवढी रीत पाळली. मग चिमट्यात धरली आणि गॅस पेटवला.

आधी वास आला. पोस्टात पार्सलाला लाखेचं सील मारतात ना, तसा. मी म्हटलं, हा कुठून? तेवढ्यात देवीच्या मागून एक काळा-तांबडा थेंब बर्नरवर पडला आणि चर्र झालं. मग दुसरा. मी घाबरून चिमटा आवळला. देवी चिमट्यात आत गेली. म्हणजे तिचं पोटच आत गेलं, ओल्या पापडासारखं. ओट्यावर ठेवली तेव्हा तिच्या तोंडावर, उजव्या गालापासून हनुवटीपर्यंत, चिमट्याच्या दातांची रेघ होती.

टाकाचा पत्रा कागदासारखा पातळ असतो आणि आत लाख भरलेली असते, हे लहान पोरालाही कळलं असतं. मागची बाजू उलटून बघितली असती तरी पुरे होतं. पण मागची बाजू बघायला लेख वाचावा लागत नाही ना, म्हणून मी बघितली नव्हती.

हे आंघोळ करून आले. बघितलं आणि म्हणाले, “हे काय केलंस?”

“उजळत होते.”

“आईला काय सांगणार?”

“तुम्ही सांगा ना.”

“मला आठ चाळीसची एसटी गाठायचीय,” म्हणाले, आणि चपला घालता घालता पुढे म्हणाले, “झिजलेला देव चालतो गं. भंगलेला नाही चालत. आई घरात ठेवून घेणार नाही. वडाळे तळ्यात सोडायला लावील.”

तळ्यात! आठवड्यापूर्वीच मी तळ्यात सोडलेल्या सोन्याच्या माणसांवर वर्गात गळा काढला होता. आता आमची देवी तळ्यात, म्हशी डुंबतात आणि निर्माल्याच्या पिशव्या तरंगतात तिथे, आणि नवरात्रात घटाशेजारी रिकामी जागा, असं डोळ्यांपुढे आलं. सासूबाई त्या जागेकडे बघतील. काही बोलणार नाहीत. तेच तर भयंकर.

देवीला हातरुमालात गुंडाळून स्टीलच्या डबीत घातलं आणि मिरची गल्लीजवळ आमचे नेहमीचे सोनार होते त्यांच्याकडे गेले. पितृपक्षात सोनाराकडे सोनं घ्यायला कोण येतं? दुकानात ते एकटेच होते, आणि समोर उलव्याकडची एक आगरी बाई तिच्या कानातल्याचा तुटलेला आकडा सांधून घ्यायला बसली होती.

डबी उघडल्यावर सोनारकाकांनी आधी वास घेतला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“गॅसवर का, बाई?”

“हो.”

“पुढे काय, चिंच की आमसूल?”

“तिथवर पोचलेच नाही.” मग मी त्यांना सगळं सांगितलं. तांबं, काळा थर, आंबट रस, अमेरिका. एवढं होऊनही माझ्या आवाजात शिकवण्याचा सूर होता, हे मला आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “अहो, आम्ही उजळतो म्हणजे दुसरं काय करतो? चिंच, मीठ. माझे आजोबाही तेच करायचे. फक्त आधी लाख काढायचे.”

आगरी बाई पदर तोंडाला लावून खदखदा हसत होती. “काय सांगतंस गो बाय! देवीला गॅसवर ठेवलीस? आमी कोलंबी ठेवतो.”

मी मासिकही सोबत नेलं होतं, पुरावा म्हणून. सोनारकाकांनी बेडकाच्या चित्रावर भिंग धरलं आणि खरं सांगते, त्यांचा चेहराच बदलला. टाक बाजूला राहिला. बराच वेळ बघून म्हणाले, “ही जी तोंडातून वेटोळी आलीत ना, ही सोन्याची तार वाटते. पण तार नाही.”

“मग काय आहे?”

“तार जोडली असती तर सांध्यापाशी डाग दिसला असता. इथे सांधाच नाही. मेणाचा दोरा वळलाय. बेडूकही मेणाचा, दोराही मेणाचा, आणि सगळं एकदम ओतलंय.” भिंग माझ्या हातात दिलं. “हात काय असतील हो त्या माणसाचे! तार ओढायला ताकद लागते. हे म्हणजे शेवयांसारखं नाजूक काम.”

इतके दिवस त्या पानाशी बसूनही हे मला दिसलं नव्हतं. आगरी बाईनेही मान पुढे काढून बघितलं आणि निकाल दिला, “भेंडक हाय. पाय पन बराबर नाय काडलं.”

मग काकांनी देवी हातात घेतली. “पोट आतून उचलून देतो. लाख सगळी काढून तापवून मऊ केलेल्या राळेवर बसवीन, बोथट काडीने हळूहळू वर आणीन. पण बाई, हा टाक आमच्याकडचा नाही, आमच्या ठशातला नाही. हाताने उठवलेला आहे. मूळचा कसा होता ते सांगा. उजवा हात वर होता की खाली?”

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही.

“हातात काय होतं? त्रिशूळ? तलवार?”

मी डबीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

“बसलेली की उभी? हे खालचं गुडघे आहेत की कमळ?”

चौदा वर्षं मी त्या घरात होते. सासूबाई नसल्या की मीच देवांना आंघोळ घालायची, पुसायची, गंध लावायची. बेडकाच्या पायाला बोटं नाहीत हे मला ठाऊक. गरुडाच्या पंखावर किती रेघा ते ठाऊक. काकांनी पेन्सिल दिली तशी मी पावतीच्या मागे एक देवी काढली. आठ हात, मुकुट, वाघ.

“हे कॅलेंडर झालं, बाई,” ते हळूच म्हणाले.

आगरी बाई आता हसत नव्हती. कानातलं घालता घालता म्हणाली, “अगो, जिनं जलमभर न्हाऊ घातलीय तिला इचार ना. तुला नाय म्हायती, तर सासूला असंल.”

“त्यांना नको कळायला म्हणूनच तर—”

“मग ऱ्हा तशीच.”

सासूबाई आल्या त्या दिवशी मी तीन वेगवेगळी वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्या दारात पाय धूत होत्या, एक पाय धुऊन झाला होता, तेवढ्यात तिन्ही वाक्यं एकदम बाहेर पडली, शिवाय बेडूकही. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“कुठे आहे ती?”

“सोनाराकडे.”

“चल.” आणि ओल्या पायांनीच चपला घातल्या.

वाटेत मी एकदा “आई, मला वाटलं होतं की” इथवर आले, तर म्हणाल्या, “गाडी येतेय मागून, कडेने चाल.”

काकांनी लाख काढली होती, देवी राळेवर उलटी बसवून पोट बरंच वर आणलं होतं. चेहऱ्याला हात लावला नव्हता. त्यांनी टाक भिंगासकट पुढे केला. सासूबाईंनी भिंग परत दिलं. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. पिकू दे, मग बघू, असं म्हणून त्या दोन वर्षं काढत होत्या. त्यांनी देवी डाव्या तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यावरून फिरवायला लागल्या. रोज सकाळी ताम्हनात घासायच्या तसाच, वरून खाली.

“इथे फार वर आलंय. हिचं पोट एवढं नव्हतं.”

काकांनी टाक घेतला, बसवला, काडीने दाबला, परत दिला.

“आता बरोबर. हा डावा खांदा पडका होता. हं, याच्याही खाली. उजवा हात वर, हातात काही नाही, नुसती मूठ. बसलेली आहे, एक पाय खाली सोडून.”

असं तास-दीड तास चाललं. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. देवी नुसती इकडून तिकडे जात होती. मी स्टुलावर बसून बघत होते. त्या अंगठ्याखालून देवी परत येताना दिसत होती, आणि मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

“नाक करून देऊ का, काकू? आत्ता सोपं आहे.”

“मी लग्न होऊन आले तेव्हाही नव्हतं तिला. आता कोणासाठी?”

मग अंगठा गालावर आला आणि थांबला. रेघ. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती घासायला गेलो तर पत्रा फाटेल. तिथे फार पातळ झालंय. राहील तशीच.”

देवी भंगलेली म्हणायची की नाही, हाच तो प्रश्न, ज्यासाठी आम्ही सगळे बसलो होतो. सासूबाई उठल्या, दुकानाच्या दारात गेल्या आणि देवी सूर्याकडे धरली.

“भोक आहे का गं? उजेड येतोय का पलीकडून? मला दिसत नाही. तू बघ.”

मी जवळ जाऊन बघितलं. मरणाची भीती वाटत होती. गालापाशी, कपाळापाशी, काठाकाठाने बघितलं.

“नाही येत.”

“नीट बघ. तुझं बघणं मला माहितीय.”

मी पुन्हा बघितलं. “नाही, आई. कुठूनच नाही.”

“मग भंगलेली नाही,” त्या म्हणाल्या. “भाजलीय. भाजलेल्या माणसाला कोणी घराबाहेर काढतं का?” आणि आत वळून काकांना म्हणाल्या, “लाख भरा.”

मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. त्यांनी रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पुरे. तिला तेवढंसुद्धा रडता आलं नाही.”

लाख भरायच्या आधी काकांना उरलेली काजळी काढायला टाक चार-पाच वेळा तापवावाच लागला, आणि दर खेपेला चिंचेच्या पाण्यात टाकावाच लागला. बाहेर काढला तेव्हा देवी पिवळी झाली होती. खरंच झाली होती. लेखातलं शब्द न् शब्द खरं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. सासूबाईंना तो फरक दिसण्यासारखा नव्हता. आयुष्यात ज्या थोड्या वेळा मी तोंड बंद ठेवलं, त्यातली ही एक.

घट बसायच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं देवांचं पाणी काढून ठेवलं आणि मागे सरकले. देवांना आता मी हात लावायचा नाही, असं मी आपणच ठरवून टाकलं होतं. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी बाकीचे देव धुतले, पुसले, आणि देवीपाशी आल्यावर ताम्हन माझ्याकडे सरकवलं.

“बस.”

मी बसले.

“डोळे मीट.”

“आई, मी बघून घासते ना, नीट बघून—”

“बघून तुला काय दिसलं ते बघितलं मी. मीट डोळे.”

मी डोळे मिटले. त्यांनी ओली देवी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझा अंगठा धरून तिच्यावर टेकवला. मी हळूहळू फिरवायला लागले. गार होती. काहीच कळेना. सगळं सारखंच, उंचसखल, जसा काही कोणी खडा हातात दिलाय. मग एक गोल उंचवटा लागला.

“कुठे आलीस? सांग.”

“गुडघ्यावर.”

“खांदा आहे तो, गाढवे,” सासूबाई म्हणाल्या. “पुन्हा वरून सुरू कर.”

मी पुन्हा वरून सुरू केलं.